एस्तेरची दुसरी साक्ष

९ सप्टेंबर, मंगळ.
न्हाणीचं दार नीट लागलं नव्हतं म्हणून दिसलं. एस्तेरच्या दोन्ही नडग्यांवर निळे डाग. मांडीवर एक, बोराएवढा. "कधीपासून आहेत गं?" तर म्हणे, "पडली होती, मम्मी." महिनाभर ती फाटकाबाहेर खेळायला गेलेली नाही, पडेल कुठून? आणि तीन आठवडे या उकाड्यात शाळेतून आल्यावरही लांब मोजे घालून बसते. मी विचारलं होतं एकदा. डास चावतात म्हणाली. मी ऐकून घेतलं.
अठरा वर्षं नर्स आहे मी. दुसऱ्यांच्या पोरांच्या पापण्या ओढून बघते. घरच्या पोरीचे मोजे काढून बघितले नाहीत. गाढव आहे मी, दुसरा शब्द नाही.
प्रकाश अकोला गाडीवर. एसटी चालवणाऱ्या माणसाला असलं फोनवर सांगत नाहीत. संध्याकाळी सांगते.

१० सप्टें.
रक्त मीच काढलं. दहा वर्षांची पोरगी, हात पुढे करून भिंतीकडे बघत बसली. काही विचारलं नाही. तेच वाईट.
लॅबमधला मुलगा रोज "सिस्टर, चहा?" म्हणतो. आज कागद दिला आणि आत गेला.
प्र. म्हणाला, "मशीन चुकली असन. दुसरीकडं करून घेऊ." दुसरीकडेही केलं. मशीन चुकली नव्हती.

१२ सप्टें.
नागपूर. डॉक्टर म्हणाले, परत आलाय. ब्लड कॅन्सर हा शब्द त्यांनी घेतला नाही, आम्हीही नाही. तीन वर्षांत तो घरातलाच झाला आहे, नाव घ्यावं लागत नाही. मार्चमध्ये गोळ्या थांबल्या होत्या. सहा महिनेही टिकलं नाही.
येताना एस्तू खिडकीशी. तिवस्याच्या पुढे अचानक म्हणाली, "मम्मी, चर्चच्या मंडळीत सांगू नको हं." मी म्हटलं का गं? तिने तोंड पुन्हा खिडकीकडे केलं. मला वाटलं लाजते.

१४ सप्टें., रवि.
सांगावं लागलंच. देवळात पोरगी दिसली नाही की दहा जण विचारतात.
ईस्टरची गोष्ट लिहून ठेवते, आज ती डोक्यातून जात नाही. औषधं संपली, रिपोर्ट चांगले, म्हणून पाळकसाहेबांनी तिला उपासनेत साक्ष द्यायला पुढे बोलावलं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. नोकरी लागली, अपघातातून वाचला, की आमच्याकडे साक्ष असतेच. एस्तू म्हणाली, मले बोलता नाही येत. मग चिठ्ठी मी लिहून दिली. पाच ओळी. शेवटची अशी: आता हा आजार मला पुन्हा कधीच शिवणार नाही. ही ओळ माझी. असलं कोणी छातीठोक सांगू शकत नाही हे मला नर्स म्हणून पक्कं ठाऊक, तरी लिहिली. ऐकायला छान वाटत होती. माईक उंच होता, पा.सा.नी वाकवून धरला. अख्खी मंडळी रडली, आणि मी काय फुगले होते त्या दिवशी.
आज पा.सा.नी साखळी-प्रार्थना जाहीर केली. एका घराने एक तास, मग पुढचं घर. आणि सूचना दिली की कोणी तोंडाने वाईट बोलायचं नाही, बरी झालीच आहे असं धरून चालायचं. सगळ्यात मोठ्याने आमेन प्र.ने म्हटलं.

४ ऑक्टो. नागपूर
किमोचा बारावा दिवस. तोंड आलंय. पेजही नको म्हणते. केस पुन्हा उशीवर. मागच्या वेळी रडली होती, या वेळी स्वतःच गोळा करून कागदात ठेवले.
दुखतं का? "नाही." इथल्या सिस्टरने विचारलं, "नाही." डॉक्टरांनी विचारलं, "नाही." सगळे म्हणतात काय धीराची पोरगी आहे. मीही म्हणते.
दर तासाला मेसेज येतो, ज्याची पाळी त्याचा: आम्ही प्रार्थनेत आहोत. उपकार आहेत सगळ्यांचे. फोन भिंतीवर फेकावासाही वाटतो.

१९ ऑक्टो., रवि.
कापणीच्या सणाचे फोटो आले. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचा घड, टोपलीत अंडी. मागच्या वर्षी एस्तूने अंगणातल्या वालाच्या शेंगा नेल्या होत्या. या वेळी वेलाला पाणी घालायला कोणी नव्हतं.
प्र. दर सुट्टीला येतो. रात्रभर गाडी चालवून आला तरी तिच्या पायाशी गुडघ्यावर बसतो, तासभर. तो उठला की टाइलचे चौकोन उठलेले असतात गुडघ्यांवर. त्याच्या त्या गुडघ्यांचा मला हेवा वाटतो. माझ्याने चार वाक्यांपुढे जात नाही.

२८ ऑक्टो., मंगळ.
डॉक्टरांनी दोघांना खुर्च्या दिल्या. खुर्ची दिली की मी ओळखते, मीही देते. औषध लागू पडत नाही. आणखी एक जड कोर्स देता येईल, पण पोरगी त्यातच जाईल. घरी न्या, दुखू नये एवढं बघू. किती दिवस, विचारलं. आठवडे म्हणाले. महिने नाही.
प्र. उठून उभा राहिला. "तुमचं झालं असन, आमचं नाही झालं." जिन्यात मला म्हणाला, हे घरात कोणी बोलायचं नाही. तिच्यापुढं तर नाहीच. "तू बी नाही." मी मान हलवली. का हलवली, अजून कळत नाही.

१ नोव्हें.
अमरावती. घर. लोक येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, चहा घेतात, जातात. कशी आहेस असं तिला कोणी विचारत नाही. बरी झालीच आहेस, म्हणतात. ती हसते.
शेजारच्या वानखडेताई बौद्ध. प्रार्थना करत नाहीत, सल्लाही देत नाहीत. रोज बादली उचलून नेतात आणि कपडे धुऊन वाळत घालतात. आज तारेवर तिचे मोजे दिसले आणि मला रडू आवरेना.

२ नोव्हें., रवि.
दुपारी चादर बदलताना उशीच्या खोळीत रुमाल सापडला. प्र.चा मोठा. एक टोक चावून चावून चिंध्या. थोडं रक्त.
"हे काय गं?"
तिने रुमाल मुठीत घेतला. मग, "दुखते तवा चावते. आवाज नाही येत."
"मला का नाही सांगितलंस?"
"मी साक्ष दिली ना, मम्मी. माईकवर. आता दुखते म्हटलं तर येशू खोटा पडन."
ऑगस्टपासून. मोजेही त्यासाठीच.
चिठ्ठी तूच लिहून दिली होती, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या पायाशी बसले. हात जोडायला गेले तर जुळेनात. प्रभू, तुला दिसत होतं ना? मी आंधळी होते, तू तर नव्हतास. एका शब्दाने का नाही दाखवलंस मला. तुझ्या नावासाठी दहा वर्षांची पोरगी रुमाल चावत होती आणि तू बघत बसलास. हे पाप असेल तर असू दे. खोडणार नाही.

३ नोव्हें.
प्र.ला रुमाल दाखवला. हातात घेऊन उलटापालटा केला. "पाह्य, केवढा विश्वास हाये पोरीचा. आपलाच कमी पडून राहिला."
मी म्हटलं, हा विश्वास नाही, भीती आहे. आपणच घातलेली. तिला खरं सांगू या.
"काय सांगू? मरून राहिली म्हणून सांगू?"
हे मोठ्याने. मग दोघांनीही आतल्या दाराकडे बघितलं. ती झोपली होती. झोपली असावी.
नागपूरहून दिलेल्या गोळ्या घेते. पण दुखतं म्हणत नाही, मग किती द्यायच्या हे कळणार कसं? कपाळावरच्या आठीवरून अंदाज बांधते.

७ नोव्हें., शुक्र.
परतवाड्याला चंगाई सभा होती. मी नको म्हटलं. प्र.ने जीप केलीच. मग मीही गेले, तिला माझ्याशिवाय कशी जाऊ देणार? मांडव, ढोलक, ही गर्दी. बाहेरगावचे उपदेशक. तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ओरडले, मग माईक तिच्या तोंडापाशी: "गेलं ना दुखणं?"
"हो."
टाळ्या.
येताना तिचं डोकं प्र.च्या मांडीवर. आसेगावपाशी जीप खड्ड्यात गेली. प्र.ने खाली बघितलं. खालचा ओठ दातात धरलेला, रक्त हनुवटीपर्यंत. आवाज नाही. तो ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चालव रे भाऊ." मग अमरावती येईपर्यंत तेवढंच बोलत होता. हळू. हळू रे.

९ नोव्हें., रवि.
प्र. उपासनेला गेला नाही. कारण सांगितलं नाही. दुपारची अकोला गाडी नेली, येताना त्याच्या आईंना घेऊन आला. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मिशनच्या होस्टेलात तीस वर्षं स्वयंपाक केला. त्यांच्यापुढे पाळकसुद्धा पाय मागे घेऊन बसतात.
आल्या त्या सरळ नातीजवळ. "सलाम, एस्तेरबाई."
"सलाम, आजी."
तोंड, ओठ, पाय, सगळं बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघांना, "पोट्टीले बरी झाली, बरी झाली म्हणनं बंद करा बरं आधी."


१० नोव्हें.
आज आई बोलल्या. मेथी निवडत होत्या, मी समोर, प्र. दारात. त्याचा मोठा भाऊ शमुवेल आठव्या वर्षी गेला एवढं मला माहीत होतं, अकोल्याच्या घरी फोटो आहे. कसा गेला ते प्र.लाही माहीत नव्हतं.
"मेंदूत ताप गेला होता त्याच्या. मंडळीनं उपास-प्रार्थना ठेवली. मले म्हणे, आईचा विश्वास मोठा असते, तू पुढं बस. गेली मी. तू पोटात होता, प्रकाश. सकाळपासून देवळात गुडघ्यावर. पोरगा घरी खाटेवर, संग शेजारीण. तिनं मंग सांगतलं, दोनदा विचारलं म्हणे त्यानं, आई कुठी गेली."
हात थांबले नाहीत त्यांचे. पानं इकडे, काड्या तिकडे.
"देवानं नाही वाचवलं, ते मी केलं कबूल. पर मी तथी नव्हती, हे नाही झालं मायाच्यानं कबूल. पंचेचाळीस वर्ष झाले."
प्र. न्हाणीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

११ नोव्हें.
प्र.ने रजा टाकली. सकाळी तिच्या शेजारी खाटेवर बसला, मी दुसऱ्या बाजूला. त्याला सुरुवातच जमेना. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, तुमी रागावले का मायावर? सभेत मी खोटं बोलली."
तो जो रडला. सतरा वर्षांच्या संसारात असा पाहिला नव्हता. "मी नाही रागावलो बेटा. तू रागाव मायावर." मग सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं. औषध चालून नाही राहिलं. डॉक्टर थकले. तू येशूकडं जाशीन असं दिसते. आमी दोघं इथंच बसतो, कुठीच जात नाही.
ती म्हणाली, "मले माहीत होतं." मग, "तुमाले माहीत नाही असं वाटलं मले. म्हणून नाही सांगितलं."
तीन माणसं, दोन खोल्या. तिघांनाही ठाऊक, आणि तिघेही एकमेकांपासून लपवत होतो.
मग उशिरानं, "मम्मी, दुखते."
"कुठं?"
"सगळीकडं."
देवा, हे ऐकून मला बरं वाटलं. पोरीला दुखतंय आणि आईला बरं वाटतंय. नागपूरला फोन करून गोळी वाढवून घेतली. अर्ध्या तासाने तिच्या मुठी सुटल्या.

१३ नोव्हें.
आता सांगते. इथं, तिथं, आता कमी. रागावतेही: "मम्मी, तुया हात किती थंड आहे." काल सीताफळाचा थोडा गर खाल्ला.
प्रश्न विचारते. तिथं शाळा असते का? मले केस असतीन का? प्र. म्हणतो असतीन. मी म्हणते माहीत नाही. खरंच माहीत नाही. लहानपणापासून त्या देशाची गाणी म्हटली, आणि पोरगी निघाली तर तिथलं एक दार मला सांगता येत नाही. मला ती इथं हवी. अमरावती कॅम्पातल्या या दोन खोल्यांत, आळशी, हट्टी, गणितात नापास, कशीही. प्रार्थनेत म्हणता येत नाही म्हणून इथं लिहिते. मला तिला द्यायचं नाही.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी आई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. केस नाहीत, तरी.
"एस्तेर, मायं एक काम करशीन?"
"काय?"
"तथी शमू असन. आठ वर्षाचा. त्याले सांगजो, तुयी आई प्रार्थनेले गेली होती. मुद्दाम नाही गेली. तुयासाठीच गेली होती."
एस्तू विचारात पडली. "पर तो मले वळखन कसा?"
"तुयं नाक त्याचंच आहे."
तिने नाकाला हात लावून बघितला. "सांगीन." मग, "अजून काही?"
"एवढंच."
मी बाहेर जाऊन तारेवरचे कपडे काढले. ओलेच होते.

१६ नोव्हें., रवि.
आपली सायकल वानखडेताईंच्या मुलीला द्यायची असं एस्तूनेच ठरवलं. ब्रेक आवळून द्यायचे, पप्पांनी. प्र.ने लगेच पाना काढला आणि अंगणात बसला. काम दहा मिनिटांचं, दुपारपर्यंत करत होता.
तिथेच मला म्हणाला, "कबर कुठी करायची?" मी दार लावून घेतलं. मग उघडलं. तो तसाच बसलेला. म्हणाला, "अकोल्याले. शमूजवळ. चालन का तुले?" मी हो म्हटलं. मग दोघं सायकलपाशी बसलो. तीन वर्षांत इतकं जवळ बसलो नव्हतो. हिला शांती म्हणायचं का? असेल. उद्यापर्यंत टिकेल का माहीत नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
पा.सा. आले. दारातच सुनावलं. म्हटलं, तुम्ही आणि मी मिळून एका पोरीचं तोंड बांधलं. एक चप्पल काढलेली, एक पायात, तसेच उभे. वाटलं आता वचन सांगतील. म्हणाले, "मीच बोलावलं होतं तिला पुढं, सिस्टर." आत जाऊन खाली बसले, खुर्चीवर नाही.
एस्तू म्हणाली, "पास्टर, मले पुन्हा साक्ष द्यायची आहे."
"दे बेटा."
"पर मी येऊ नाही शकत."
"मी वाचतो."
"सगळं वाचसान? मधलं सोडायचं नाही."
"नाही सोडत."
जाताना नुसती मान खाली घातली. प्रार्थना केली नाही. किंवा मनात केली असेल.

२१ नोव्हें., शुक्र.
साक्ष लिहून झाली. तीन दिवस लागले, दोन वाक्यं झाली की डोळे मिटतात. या वेळी माझा एक शब्द घातला नाही. शुद्ध करू का, विचारलं. "नको." ती बोलली तसं:
"सलाम मंडळी. ईस्टरले मी सांगतलं होतं का मी बरी झाली. तवा मी बरी होती. आता नाही. मले दुखते. येशू खोटा नाही, अन् मी बी खोटी नाही. मले बरी झाली म्हणू नका. कशी आहे म्हणून विचारा. मम्मी पप्पा रडतात तर रडू द्या त्याईले. मले भेव वाटते, पर थोडं. पप्पा जवळ बसतात तवा नाही वाटत."
साक्षीच्या शेवटी म्हणायची रीत आहे, एवढं बोलून मी माझी साक्ष संपवते. लिहू का, विचारलं. तिने डोळे मिटलेले. "संपवते नको लिहू. थोडी जागा ठेव."
ठेवली.

२३ नोव्हें., रवि.
सकाळपासून उठली नाही. श्वास थांबून थांबून. पाय थंड. मी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, मोजायला लागले की मी नर्स होते.
आईंनी देवळात जायची पांढरी साडी नेसली. मला वाटलं निघाल्या. येऊन खाटेशी बसल्या. "मी एकदा गेली होती. आता नाही जात." प्र. उशाशी, तिचा हात त्याच्या दोन्ही हातांत. वानखडेताई ओट्यावर, आत येत नाहीत, जातही नाहीत.
साडेदहाला पा.सा.चा फोन, ठरल्याप्रमाणे. स्पीकर लावून उशीवर ठेवला. त्यांनी वाचलं. बरी झाली म्हणू नका, इथे आवाज फाटला, पण सोडलं काही नाही. शेवटी म्हणाले, इथं थोडी जागा ठेवलेली आहे. मग सगळं देऊळ गप्प. एक खोकला नाही.
मग त्यांचाच आवाज, अगदी हळू. "एस्तेर, कशी आहेस बेटा?"
प्र. तिच्या कानाशी वाकला. "एस्तू, पास्टर विचारून राहिले. मंडळी ऐकून राहिली." पापणी हलली. किंवा मला तसं वाटलं. ओठ कोरडे होते, कापसाने ओले केले.
फोन चालू आहे. तिकडून कोणी ठेवत नाही, इकडून आम्ही नाही. हे तिच्या पायाशी बसून लिहिते आहे, डावा हात तिच्या पावलावर. आई फोनकडे वाकून म्हणाल्या, "विचारा अजून एकडाव."
त्यांनी विचारलं.